जिम लावताय? आधी हे वाचा : बॉडीबिल्डिंगच्या व्यायामाची आणि आहाराची प्राथमिक माहिती

भिवपुरी (ता. कर्जत) : भाताची झोडणी उरकली, दिवाळी झाली, की आपल्या भागातली पोरं जिमकडे वळतात. कर्जत, नेरळ, खोपोलीला संध्याकाळी जिममध्ये उभं राहायला जागा नसते. कुणाला पोलीस भरतीला उतरायचं असतं, कुणाला स्पर्धेच्या स्टेजवर जायचं असतं, कुणाला नुसतं शर्टात भरून दिसायचं असतं. तिन्ही कारणं चांगलीच आहेत. पण बातमीसाठी गावोगाव फिरताना पोरं मला पहिला प्रश्न विचारतात तो व्यायामाचा नसतो. "दादा, कोणती पावडर घेऊ?" हाच असतो.

मी स्वतः बावीस वर्षांचा असताना हीच चूक केली. दोन गोणी भात विकून एक डबा आणला आणि महिनाभर दुधातून प्यायलो. व्यायाम मात्र रोज फक्त दंडाचा आणि छातीचा, तोही मनाला येईल तसा. डबा संपला, दंड होते तेवढेच राहिले आणि पाठ धरली ती वेगळीच. पुढे तालमीत वाढलेल्या एका जुन्या माणसाने हातात वही दिली आणि म्हणाला, आज किती उचललंस ते लिही आणि आज काय जेवलास तेही लिही. त्या वहीने जे झालं ते डब्याने झालं नाही. म्हणून ही माहिती एका जागी लिहून देत आहे.

बॉडीबिल्डिंग म्हणजे काय?

ताकद वाढवणं, कुस्ती खेळणं आणि बॉडीबिल्डिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉडीबिल्डिंगमध्ये अंगावरचे स्नायू वाढवायचे, चरबी आटोक्यात ठेवायची आणि शरीर सगळीकडून सारखं भरायचं असतं. स्पर्धेत किती किलो उचललं हे कुणी विचारत नाही. वजनी गटात उभं करून स्नायूंचा आकार, रेखीवपणा आणि प्रमाण बघतात.

आपण आत घालतो ती सँडो बनियन ज्याच्या नावाने ओळखली जाते तो युजीन सँडो हा युरोपातला पहिलवान. १९०१ साली लंडनला त्यानेच शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरवली. त्याचं वेड आपल्याकडेही पोहोचलं होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवून जवळजवळ दहा वर्षं त्याच पद्धतीने व्यायाम केला. नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले.

भात खाऊन बॉडी होत नाही म्हणणाऱ्यांसाठी बंगालच्या मनोहर ऐच यांचं उदाहरण आहे. उंची चार फूट अकरा इंच. इंग्रजांच्या काळात तुरुंगात गेले, तिथे कसलीही साधनं नसताना व्यायाम चालू ठेवला आणि १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या उंचीच्या गटात पहिले आले. जेवण भात, डाळ, मासे, भाजी, दूध आणि फळं. २०१६ मध्ये ते गेले तेव्हा वयाची शंभरी ओलांडलेली होती.

स्नायू वाढतो कसा?

स्नायूला सवयीपेक्षा जास्त भार दिला की शरीर त्याला पुढच्या वेळेसाठी थोडं जास्त मजबूत करतं. हे काम जिममध्ये होत नाही. व्यायामानंतरच्या एक-दोन दिवसांत, जेवणातून आणि झोपेतून होतं. म्हणून तीन गोष्टी लागतात.

१. हळूहळू वाढत जाणारा भार
२. पुरेसं जेवण, त्यात पुरेसं प्रोटीन
३. विश्रांती

यातली एक जरी कमी पडली तरी बाकीच्या दोन वाया जातात. रोज तेच वजन, तेवढ्याच वेळा वर्षभर उचललं तर शरीराला वाढायचं कारणच उरत नाही. गोणी वाहणारा हमाल ताकदवान असतो, पण दरवर्षी त्याचे दंड वाढत नाहीत, ते यामुळेच.

व्यायामाचे मूळ प्रकार

जिममधल्या मशिनी पाहून गोंधळू नका. सगळे व्यायाम मुळात सहा हालचालींमधून निघतात.

– बसून उठणे : स्क्वॉट, बैठक (मांड्या, नितंब)
– खालून उचलणे : डेडलिफ्ट (पाठ, मांड्यांची मागची बाजू)
– पुढे ढकलणे : बेंच प्रेस, जोर (छाती, दंडाची मागची बाजू)
– वर ढकलणे : शोल्डर प्रेस (खांदे)
– स्वतःकडे ओढणे : रोइंग (पाठ)
– वरून ओढणे : पुलअप, लॅट पुलडाऊन (पाठ, दंडाची पुढची बाजू)

यांच्या जोडीला पोट आणि पोटऱ्यांचा एखादा व्यायाम पुरे. नवीन पोरं फक्त आरशात दिसतं तेवढंच कमावतात, म्हणजे छाती आणि दंड. मग वरून पहिलवान आणि खालून बगळा अशी गत होते. पाय आणि पाठ हे अंगातले सर्वांत मोठे स्नायू आहेत, त्यांना वगळून बॉडी होत नाही.

आठवड्याचा आराखडा (पहिले सहा महिने)

सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस पुरेत. दोन आराखडे आलटून पालटून करायचे.

आराखडा अ : स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग, प्लँक
आराखडा ब : डेडलिफ्ट, शोल्डर प्रेस, पुलअप किंवा लॅट पुलडाऊन, पोटऱ्या

पहिल्या आठवड्यात अ-ब-अ, दुसऱ्या आठवड्यात ब-अ-ब. प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, सेटमध्ये ८ ते १२ वेळा. डेडलिफ्ट ५ ते ८ वेळा पुरे. दोन सेटच्या मधे दोन मिनिटं थांबा. सुरुवातीला दहा मिनिटं अंग गरम करा आणि हलक्या वजनाचा एक सेट आधी मारा.

वजन किती घ्यायचं? सेट संपताना अजून एक-दोन वेळा जमलं असतं असं वाटेल एवढं. तिन्ही सेटमध्ये १२ वेळा नीट जमले, की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. हेच वहीत लिहायचं : तारीख, व्यायाम, किलो, किती वेळा. पहिले दोन-तीन आठवडे हलक्या वजनावर फक्त पद्धत शिका. बेंच प्रेस करताना मागे कुणीतरी उभं असलंच पाहिजे. एकट्याने जड वजन छातीवर घेऊ नका.

जिम नसेल तर

वाडीतून कर्जतला रोज जाणं सगळ्यांना परवडत नाही. जोर, बैठका, झाडाच्या फांदीला पुलअप यातूनही सुरुवात चांगली होते. अडचण पुढे येते. एका दमात चाळीस-पन्नास बैठका सहज व्हायला लागल्या की दम वाढतो, स्नायू फारसा वाढत नाही. मग भार वाढवावा लागतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत मोजून वाळू भरा, तोंड घट्ट बांधा आणि ती खांद्यावर घेऊन बैठका मारा. पंधरा किलोने सुरू करून दर दोन आठवड्यांनी दोन-अडीच किलो वाढवा. पाठीवर दप्तर घेऊन, त्यात वजन टाकून जोर मारता येतात.

डेडलिफ्टची पद्धत शेतकऱ्याला रोजच्या कामातही उपयोगी आहे. युरियाची ४५ किलोची गोणी आपण कमरेत वाकून, पाठ गोल करून उचलतो आणि मग कंबर धरली म्हणून बसतो. गोणी पायाजवळ घ्या, गुडघे आणि खुबे वाकवा, पाठ सरळ ठेवा, गोणी अंगाला चिकटवून पायांच्या जोरावर उठा.

शेतीची कामं आणि व्यायाम

चिखलणी-लावणीच्या दिवसांत माणूस आठ-आठ तास वाकलेला असतो. त्यावर संध्याकाळी जड डेडलिफ्ट मारली तर पाठ जाणारच. त्या महिन्यात व्यायाम बंद करायची गरज नाही, पण आठवड्यातून दोनच दिवस, सेट निम्मे आणि कमरेवर भार टाकणारे प्रकार बाजूला ठेवा. केलेली बॉडी महिनाभरात जात नाही. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्यांना ही कसरत वर्षातून दोनदा करावी लागते, त्यांनी तसा हिशोब धरावा.

आहार : प्रोटीन किती लागतं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने साध्या निरोगी माणसासाठी दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रोटीन धरलं आहे. स्नायू वाढवायचा व्यायाम करणाऱ्याला साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो, त्यापुढे फारसा नाही. म्हणजे ६० किलोच्या पोराला रोज ९० ते १०० ग्रॅम.

आपल्याकडच्या पदार्थांत प्रोटीन साधारण किती असतं ते बघा (१०० ग्रॅम कोरड्या किंवा कच्च्या वजनात) :

– सुकट, सुके बोंबील : सुमारे ६० ग्रॅम
– सोयाबीन वडी : ५२ ग्रॅम
– मसूर, मूगडाळ, शेंगदाणे : २४ ग्रॅम
– तूरडाळ : २२ ग्रॅम
– चिकन (हाडाशिवाय) : २१ ग्रॅम
– वाल : २० ग्रॅम
– हरभरा : १९ ग्रॅम
– पनीर : १८ ग्रॅम
– तांदूळ, नाचणी : ७ ते ८ ग्रॅम
– एक अंडं : ६ ग्रॅम
– दूध एक ग्लास (२०० मिली) : ६ ते ७ ग्रॅम

आपल्या ताटाची खरी अडचण इथे दिसते. भाताचा ढीग आणि त्यावर पळीभर पातळ वरण. पोट भरतं, प्रोटीन भरत नाही. भात सोडायचा नाही, व्यायामाला लागणारी ताकद त्यातूनच येते. वरण घट्ट करायचं आणि कडधान्य रोज आणायचं.

एका दिवसाचं ताट (६० किलोच्या पोरासाठी)

सकाळी : नाचणीच्या दोन भाकऱ्या, दोन अंडी – १९ ग्रॅम
दहा-अकरा वाजता : मूठभर शेंगदाणे – ७ ग्रॅम
दुपारी : भात, घट्ट वरण, पालेभाजी, वाटीभर दही – २५ ग्रॅम
संध्याकाळी : भिजवलेले हरभरे किंवा मोडाचे मूग वाटीभर, एक ग्लास दूध – १७ ग्रॅम
रात्री : भात किंवा भाकरी, सोबत चिकन, सुकट किंवा सोयाबीन वडीची भाजी – २५ ग्रॅम

एकूण ९० च्या पुढे जातं. माळकरी घरात अंड्यांच्या जागी २५ ग्रॅम सोयाबीन वडी धरा. रात्री वालाचं बिरडं असेल तर वाल जरा जास्त घ्या आणि वर एक ग्लास दूध. सुकट खाणाऱ्यांनी ती दोन-तीन पाण्यातून धुवावी, मीठ फार असतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, ती गरिबाचं खाणं म्हणून सोडू नका.

किडक्या पोराने वजन वाढवायला महिन्याला एक ते दीड किलोचं ध्येय ठेवावं. त्याहून वेगाने वाढलं तर बहुतेक चरबीच असते. महिन्यातून एकदा कंबर मोजा. दंडापेक्षा पोटच पुढे यायला लागलं तर भात, गोड आणि तळलेलं थोडं कमी करा.

डब्याचा हिशोब

व्हे प्रोटीन दुधापासूनच निघतं, ते विष नाही आणि जादूही नाही. एक किलोच्या डब्यात साधारण ७२० ग्रॅम प्रोटीन मिळतं. बऱ्या कंपनीचा डबा अडीच-तीन हजारांना पडतो. २०२५-२६ च्या हंगामाला साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आहे. म्हणजे एका डब्यासाठी एक क्विंटलहून जास्त भात द्यावा लागतो.

तेवढंच प्रोटीन १२० अंड्यांत मिळतं, सात रुपयांनी धरलं तर ८४० रुपये. सोयाबीन वडी सुमारे दीड किलो लागते, तिला दोन-अडीचशे रुपये. हरभरा चार किलोच्या आत, तीन-चारशे रुपयांत. यात अंड्यांतलं इतर पोषण आणि हरभऱ्यातला चोथा वेगळाच. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शनातही बॉडी करण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असंच सांगितलं आहे.

तरीही घ्यायचाच असेल तर पक्क्या बिलावर घ्या आणि डब्यावर अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी परवाना क्रमांक बघा. सुट्टी पावडर, लेबल नसलेली पुडी, "एका महिन्यात दहा किलो" अशी हमी देणारा डबा घेऊ नका. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नाही.

इंजेक्शनपासून लांब राहा

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. जिममध्ये कुणीतरी हळूच सांगतं, "एक कोर्स मार, तीन महिन्यांत फरक बघ." फरक दिसतो हे खरं आहे, पुढचं कुणी सांगत नाही. स्टेरॉइडने शरीराचं स्वतःचं पुरुषी हार्मोन बनणं थांबतं, वृषण लहान होतात, शुक्राणू घटतात, पोराची छाती बाईसारखी वाढू शकते. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल बिघडतं, हृदय आणि यकृतावर ताण येतो. वाढत्या वयात घेतलं तर हाडांची वाढ लवकर थांबून उंची खुंटते. लोक म्हणतात वजन उचलल्याने उंची खुंटते, तो गैरसमज आहे. उंचीला खरा धोका या औषधांचा आहे.

दुसरं इंजेक्शन मेफेन्टरमाइनचं. ऑपरेशनच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणायला डॉक्टर ते वापरतात. पोरं ते जोम यावा म्हणून व्यायामाआधी टोचून घेतात. छातीत धडधड, डोक्यावर परिणाम, त्याचं व्यसन आणि हृदय बंद पडण्यापर्यंत त्याची मजल जाते. एकच सुई दोघांनी वापरली तर एचआयव्ही आणि काविळीचा धोका वेगळाच. ही सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदेशीर आहे. स्पर्धेआधी पाणी तोडणं आणि लघवीच्या गोळ्या घेणं हेही तेवढंच जिवावरचं. पोस्टरवरचं शरीर वर्षभर तसं नसतं, ते त्या एक-दोन दिवसांचं असतं.

आधीच घेत असाल तर लपवू नका. डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा, म्हणजे उपचार नीट होतो.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

मुलांना १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ गुण, गोळाफेक १५ गुण. गोळा ७.२६० किलोचा. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढ लागते. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. इथे नुसतं अंग भरून चालत नाही, जास्तीचं वजन धावताना आडवं येतं. आठवड्यातून तीन दिवस धावणं आणि दोन दिवस वजनाचा व्यायाम धरा. गोळ्यासाठी स्क्वॉट आणि शोल्डर प्रेस उपयोगी पडतात.

मुलींनी वजन उचललं तर पुरुषी दिसतात ही भीती निराधार आहे. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणून मुलींनी तयारीआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. पालेभाजी, कडधान्य आणि वर लिंबू पिळून खावं.

झोप, पाणी आणि दवाखाना

रात्री सात-आठ तास झोप हवीच. बारा वाजेपर्यंत मोबाइल आणि पाचला धावायला हे फार दिवस चालत नाही. आपल्याकडे दमट हवेत घाम खूप जातो, लघवी पिवळी-गडद झाली की पाणी कमी पडलं समजा. चिमूटभर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत चांगलं. तंबाखू-गुटखा तोंडात ठेवून दम वाढत नाही आणि दारूने स्नायूची भरपाई मंदावते.

अंग दुखणं दोन-तीन दिवस चालतं. पण छातीत दुखलं, चक्कर आली, सांध्यात टोचल्यासारखं झालं किंवा फार जड व्यायामानंतर लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर जिम लावण्याआधी तपासणी करून घ्या.

पहिल्या तीन महिन्यांत काय बघायचं?

पहिला महिना : एकही दिवस चुकला नाही ना, एवढंच.
दुसरा महिना : वहीतली वजनं वाढली का?
तिसरा महिना : दंड, छाती, मांडी, कंबर टेपने मोजा. वजनं वाढली आणि अंग नाही, तर ताटात कमी पडतंय. दोन्ही वाढलं नाही तर झोप तपासा.

वहीची किंमत वीस रुपये आहे. डब्याचे पैसे बाजूला ठेवा आणि आधी तीन महिने ती भरा. गावच्या ग्रुपवर ही माहिती टाका, आणि कुणी पोराला सुईबद्दल सांगताना दिसलं तर त्या पोराच्या घरी नक्की कळवा.